वाडा आतून, वाडा अंगणातून : नाटककाराचे बालपण आणि रोजच्या जगण्यातली बीजे

यवतमाळ जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. आधुनिक भारतीय रंगभूमीवरचे एक मोठे नाव याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले, हे जिल्ह्यातल्या तरुणांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. ते नाव महेश एलकुंचवार. घाटंजी तालुक्यातील पारवा हे त्यांचे गाव आणि ९ ऑक्टोबर १९३९ ही त्यांची जन्मतारीख.

बौद्ध तरुणांसाठीच्या संकेतस्थळावर एका जमीनदार ब्राह्मण घरात जन्मलेल्या नाटककाराची माहिती कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या लेखात द्यायचे आहे. आपल्या वस्तीत बोलणारे, गाणारे, अभिनय करणारे तरुण भरपूर आहेत. भीमजयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगाव मंच उभा राहतो. पण 'लिहायचे कशावर?' या प्रश्नापाशी बहुतेक जण अडतात आणि तेच चार प्रसंग पुन्हा मंचावर येतात. लिहिण्याचा माल कुठे असतो, हे समजायला नाटककारांची बालपणे पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

पारव्याचा मुलगा

एलकुंचवारांचे घराणे मूळ तेलुगू भाषक. कित्येक पिढ्यांपूर्वी ते विदर्भात येऊन स्थिरावले. गावात जमीन, मोठे घर, नोकरचाकर असा थाट होता. पण या मुलाला लहान वयातच शिक्षणासाठी घर सोडून राहावे लागले. घर आहे पण आपण घरात नाही, हा अनुभव त्यांच्या वाट्याला फार लवकर आला. पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण झाले, इंग्रजी साहित्यात एम. ए. झाले आणि नागपुरातच इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी नोकरी केली.

नाटकाकडे ते वळले ते योगायोगाने. १९६५ साली नागपुरात ते सिनेमा पाहायला निघाले होते. तिकिटे संपली होती, म्हणून जवळच चाललेल्या नाटकाला जाऊन बसले. ते नाटक होते विजय तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!' आणि दिग्दर्शन विजया मेहता यांचे. त्या प्रयोगाने ते इतके हलले की ते नाटक त्यांनी पुन्हा पाहिले. मग वर्षभर मिळतील तितकी नाटके वाचून काढली आणि लिहायला बसले. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात छापून आली, विजयाबाईंच्या वाचनात आली आणि पुढे त्यांनीच एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या.

या गोष्टीतला योगायोग सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यानंतरचे वर्षभराचे वाचन मात्र कोणी लक्षात घेत नाही. नाटक पाहून भारावलेले त्या रात्री त्या सभागृहात अनेक जण असतील. पुढचे वर्ष वाचनात घालवणारा माणूस लेखक झाला.

'गार्बो', 'वासनाकांड', 'पार्टी', 'प्रतिबिंब', 'आत्मकथा', 'सोनाटा' ही त्यांची पुढची नाटके. 'होळी' या एकांकिकेवर केतन मेहता यांनी आणि 'पार्टी'वर गोविंद निहलानी यांनी चित्रपट केले. २००२ साली 'युगान्त'साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. याच नाटकासाठी त्यांना सरस्वती सन्मानही मिळाला.

वाडा आतून

त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे 'वाडा चिरेबंदी'. ते १९८५ मध्ये विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' असे दोन भाग लिहून त्याची त्रिनाट्यधारा झाली. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली तिन्ही नाटके सलग सादर झाली तेव्हा प्रेक्षक दिवसभर नाट्यगृहात बसून होते.

पहिल्या नाटकातली गोष्ट साधी आहे. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यातले तात्याजी वारले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन गावी आला आहे. तेरवीला गावजेवण घालायचे आहे, कारण घराण्याची इभ्रत आहे. हातात पैसा नाही, म्हणून मालमत्ता विकायची वेळ येते. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत उभा आहे. घरातल्या प्रभाला शिकायचे होते, पण तिला शिकू दिले नाही. म्हातारी दादी आतून सारखी वेळ विचारते. तरुण रंजू दागिने घेऊन मास्तराबरोबर पळून जाते.

यात युद्ध नाही, खून नाही, मोठे भाषण नाही. सगळा ऐवज रोजचा आहे : स्वयंपाकघरातली कामाची वाटणी, दागिन्यांचा डबा, एक बंद पडलेले यंत्र, वेळ विचारणारी म्हातारी. आणि भाषा. वाड्यातली माणसे वऱ्हाडीत बोलतात. मुंबईची कोकणस्थ सून प्रमाण मराठीत बोलते. केवळ या दोन बोलींमुळे घरातली दरी प्रेक्षकाला कळते, ती कोणाला सांगावी लागत नाही. हे सगळे पाहायला लेखकाला कुठे प्रवास करावा लागला नाही. असे वाडे आणि अशी माणसे त्याच्या बालपणात होती.

बौद्ध वाचकाने हे नाटक का वाचावे? एक कारण असे की जमीन, जात आणि पोकळ प्रतिष्ठा यांवर उभे असलेले घर आतून कसे कुजते, हे त्या घरातल्याच माणसाने इथे लपवाछपवी न करता लिहिले आहे. तेरवीच्या जेवणासाठी मालमत्ता फुंकणारे घर आणि शिक्षण नाकारलेली मुलगी यांवर फुले-आंबेडकरी चळवळीने शंभर वर्षे टीका केली. तीच गोष्ट इथे वाड्याच्या आतून सांगितली जाते.

दुसरे कारण आपल्या लेखकांसाठी अधिक महत्त्वाचे आहे. त्याच वाड्याच्या अंगणात आणखी एक मूल उभे असणार. सालदाराचे मूल. त्याचा बाप वर्षाच्या ठरावावर राबणारा, माय निंदणाला आणि वेचणीला जाणारी. त्या मुलाला वाडा कसा दिसला? ओसरीची कोणती पायरी त्याच्यासाठी शेवटची होती? वाड्यातून आलेले शिळे अन्न घरी पोचल्यावर आजी काय बोलली? तेरवीच्या पंगतीत त्याचे पान कुठे मांडले गेले, की मांडलेच गेले नाही? ट्रॅक्टर आला तेव्हा किती जणांचे काम गेले? घर तेच, काळ तोच, पण नाटक वेगळे. ते एलकुंचवार लिहू शकत नव्हते आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. ते नाटक अंगणातल्या मुलानेच लिहायला हवे.

पाण्याचा घोट

अंगणातून, वेशीबाहेरून पाहणारे नाटककार विदर्भात झाले आहेत. प्रेमानंद गज्वी यांचा जन्म १९४७ साली चंद्रपूर जिल्ह्यातील पिंपळगावचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आली आणि महाराष्ट्रभर तिचे प्रयोग झाले, अनेक भारतीय भाषांत ती गेली. विषय काय, तर पाणी. तहान लागलेल्या माणसाला जातीमुळे न मिळालेला घोट.

पुढे त्यांनी वेठबिगारीवर 'तनमाजोरी' लिहिले. 'किरवंत'मध्ये अंत्यसंस्कार करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचेच जातभाई कसे अस्पृश्यासारखे वागवतात ते दाखवले. हे नाटक डॉ. श्रीराम लागू यांनी रंगभूमीवर आणले. 'गांधी-आंबेडकर' या नाटकात त्यांनी दोन नेत्यांच्या मध्ये एक विदूषक उभा केला. बोधी नाट्य परिषदेच्या माध्यमातून त्यांनी नव्या लेखकांसाठी नाट्यलेखनाचे काम चालवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरला झालेल्या ९९व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

'किरवंत'चा धडा विशेष ध्यानात घ्यावा. आपले दुःख ओळखलेल्या लेखकाला दुसऱ्याच्या घरातले तेच दुःखही दिसू लागते. अंगणातून पाहिलेला लेखक कायम अंगणातच उभा राहतो असे नाही.

पाण्याचा धागा याहून मागे जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये बालपणीचा एक प्रवास सांगितला आहे. साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीला. साताऱ्याहून मुले त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. चांगल्या कपड्यांतली मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलली. गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकायच्या अटीवर प्रवास सुरू झाला. जवळ जेवण होते पण पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशीच झोपली. रेल्वे स्थानक, भाडे, बैलगाडी, जेवणाचा डबा : एवढ्याच गोष्टी. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने ते पाहिले आणि पस्तीसेक वर्षांनंतर लिहिताना त्यातला एकही तपशील सुटला नाही. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहामागे कायदा होता, ठराव होता, संघटन होते. आणि ती रात्रही होती.

आपली नाट्यपरंपरा

'नाटक हे आपले नाही, ते पुण्या-मुंबईच्या लोकांचे' हा समज अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या संस्कृत नाटकांचे अवशेष बौद्ध कवीचे आहेत. अश्वघोषाच्या 'शारिपुत्रप्रकरण' या नाटकाचे ताडपत्रांवरील तुकडे मध्य आशियातल्या तुर्फान येथे सापडले आणि हाइनरिख ल्यूडर्स या जर्मन अभ्यासकाने ते १९११ मध्ये प्रसिद्ध केले. सारिपुत्त आणि मोग्गलान यांनी धम्माची दीक्षा कशी घेतली, हा त्याचा विषय.

आधुनिक महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिले. गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, हा रोज घडणारा प्रसंग त्यांनी नाटकासाठी निवडला. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि पुढे सव्वाशे वर्षे ते छापले गेले नाही. नाकारलेले लिखाण जपून ठेवायचे असते, हेही त्यातून शिकावे.

त्यानंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे आले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात चळवळीचा विचार भरला. मराठवाड्यात म. भि. चिटणीस यांनी मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात 'युगयात्रा' उभे केले. पुढे दत्ता भगत यांनी 'वाटा-पळवाटा'मध्ये चळवळीतल्या तीन पिढ्यांचा वाद एका घरात आणून बसवला. वाद मोठा होता, पण जागा घरातलीच होती.

निरीक्षण ही साधना आहे

रोजच्या गोष्टींतून लिहिणे म्हणजे हलके लिहिणे, असे काहींना वाटते. बौद्ध माणसाला तरी तसे वाटू नये. सतिपट्ठान सुत्तात सजगतेचा अभ्यास कुठून सुरू होतो? श्वास, चालणे, उभे राहणे, हात वाकवणे, खाणे, पिणे यांपासून. जे रोज होते आणि म्हणून दिसेनासे होते, ते पुन्हा पाहायला शिकणे हाच तो अभ्यास. लेखकाचेही प्राथमिक शिक्षण तेच आहे.

थेरीगाथेत पुण्णिका ही पाणी भरणारी दासी आहे. कडाक्याच्या थंडीत ती मालकाच्या धाकाने नदीवर जाते. तिथे एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी कुडकुडत स्नान करताना दिसतो. ती त्याला विचारते की पाण्याने शुद्धी होत असेल, तर बेडूक आणि कासवे सगळ्यांच्या आधी स्वर्गात जायला हवीत. दोन माणसे, एक नदी, थंडी आणि घागर. हा आजही मंचावर उभा राहणारा प्रवेश आहे. तिचा तर्क पोथीतून आलेला नाही. रोज पाण्यात उभी राहणारी बाई पाण्याविषयी बोलते आहे, म्हणून त्याला धार आहे.

यवतमाळच्या तरुणाकडे काय आहे?

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि प्रत्येकात लिहिण्याजोगे जग आहे. कापसाच्या वेचणीला पहाटे निघणाऱ्या बायकांचा घोळका, मजुरीच्या दरावरून होणारी घासाघीस, उलंगवाडीनंतर रिकामे झालेले शिवार. जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत काम करणारे पोर. वणीकडच्या कोळसा खाणी आणि त्यांत गेलेली जमीन. कर्ज घेऊन आत्महत्या केलेल्या घरात मागे राहिलेली बाई, जिच्याकडे सगळे येतात पण जिचे म्हणणे कोणी ऐकत नाही. कोलाम वस्तीतली दंडार. वर्षावासात विहारात चालणारे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन आणि ते ऐकता ऐकता डुलकी घेणारी, पण प्रश्न मात्र नेमका विचारणारी आजी.

ही आजी फार महत्त्वाची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पायी, बैलगाडीने, रेल्वेने गेलेल्या पिढीतले जे थोडे लोक आज हयात आहेत, त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. दीक्षाभूमीवर काय झाले ते ग्रंथांत आहे. पण घरी परतल्यावर काय झाले? देव्हाऱ्यातले देव कोणी उचलले, कोणी अडवले, कुठे नेऊन सोडले? सासूने काय म्हटले? पुढच्या पोळ्याला गावाने काय केले? ही माहिती कोणत्याही ग्रंथालयात नाही. ती या माणसांकडे आहे आणि दरवर्षी थोडी थोडी जळून जाते आहे. लेखक व्हायचे असो वा नसो, हे टिपून ठेवणे हे आजच्या कार्यकर्त्याचे काम आहे.

सुरुवात कशी करावी

१. रोज एक ऐकलेले वाक्य जसेच्या तसे वहीत लिहा. वऱ्हाडी वऱ्हाडीतच लिहा, शुद्ध करू नका. बोलीला लाजणाऱ्या लेखकाची पात्रे पुस्तकासारखी बोलतात.

२. घरातली एक वस्तू निवडा : जाते, रॉकेलचा दिवा, रोजगार हमीचे कार्ड, बाबासाहेबांचा पहिला फोटो. ती घरात कशी आली, कोणी विकत घेतली, कोणी हात लावू दिला नाही, हे विचारून घ्या.

३. एकाच प्रसंगाकडे दोन जागांवरून पाहा. वाड्यातून आणि अंगणातून. विहाराच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीवरून आणि चहा करणाऱ्या बाईच्या जागेवरून. आपल्या वस्तीतही वाडे आहेत आणि अंगणे आहेत. ते लिहायची तयारी नसेल तर दुसऱ्याच्या वाड्यावर टीका करण्याचा आपला अधिकार कमी होतो.

४. पात्राला घोषणा देऊ नका, काम द्या. माणूस भांडी घासताना, कापूस मोजताना, बस चुकल्यावर जे बोलतो त्यातून त्याचा विचार कळतो.

५. हयात माणसाचे दुःख वापरताना त्याची परवानगी घ्या, नाव-गाव बदला आणि लिहिलेले आधी त्यालाच वाचून दाखवा. ज्याच्या जखमेवर टाळ्या पडतात तो माणूस पहिल्या रांगेत बसलेला असतो.

६. वाचा. एलकुंचवारांनी पहिले नाटक लिहिण्याआधी वर्षभर वाचले. जिल्हा ग्रंथालयात, महाविद्यालयात नाटकांची पुस्तके धूळ खात असतात. गटाने वाचा, मोठ्याने वाचा.

पुढच्या जयंतीच्या मंचासाठी अजून वेळ आहे. बाबासाहेबांच्या जीवनावरचे प्रवेश जरूर व्हावेत. पण त्यांच्या शेजारी वीस मिनिटांची एक एकांकिका अशी असू द्या, जी तुमच्याच वस्तीतल्या एखाद्या पाणवठ्यावर, रेशनच्या रांगेत किंवा वेचणीच्या वावरात घडते आणि जिच्यातली भाषा मंचासमोर बसलेल्या मायमाउलीला आपली वाटते. वाडा आतून कसा होता हे लिहून झाले आहे आणि ते उत्तम लिहिले गेले आहे. अंगणातून तो कसा दिसला, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याशेजारी वही घेऊन बसायला कोणाची परवानगी लागत नाही.